उपडा पेला

गंगाधर दारू पीत नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा गैरसमज होईल, आणि तो शेजारी बसलेला असता तर हे सांगितल्याशिवाय त्याने मला पुढे लिहूच दिलं नसतं. अकरा वर्षं मी त्याच्या बसवर कंडक्टर होतो. वसमतहून औंढ्यावरून हिंगोली, आणि हिंगोलीहून औंढ्यावरून परत वसमत. अकरा वर्षांत ड्युटीवर त्याच्या तोंडाला मला कधी वास आला नाही. डेपोच्या गेटवर ड्रायव्हर लोकांना मशीनमध्ये फुंकावं लागायचं. बाकीचे फुंकताना वैतागायचे. गंगाधर छाती फुगवून फुंकायचा आणि शून्य आलं की वॉचमनला म्हणायचा, "नीट बघून घ्या. मागून म्हणाल दिसलं न्हाई." वर्षाच्या तपासणीच्या फॉर्मवर 'व्यसन' असा एक रकाना असायचा. त्यात तो ठळक अक्षरांत 'नाही' लिहायचा आणि खाली दोन रेघा ओढायचा.

खोटं लिहीत नव्हता. त्याच्या मते ते सोळा आणे खरं होतं.

"मी पिणारा न्हाई, मास्तर," तो म्हणायचा. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. "मी करीला घेणारा. त्यात लई फरक हाय."

कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. पोळ्याला पुरणपोळी आणि करीला मटण, ही आमच्या भागातली रीत. श्रावणात घरात अंडं येत नाही, बाटलीचं नाव निघत नाही. पोळ्याच्या अमावस्येला श्रावण संपतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून शिवारात ठिकठिकाणी धूर निघतो, पातेली चढतात, आणि महिनाभर गप्प राहिलेली तोंडं एका दुपारी सगळी कसर भरून काढतात. करीबरोबर धुळवड आणि बहिणीकडची कंदुरी, म्हणजे नवसाच्या बकऱ्याचं जेवण, धरली तर गंगाधरचे वर्षातले एकूण तीन दिवस. बाकीचे दिवस हा माणूस काळ्या चहावर जगायचा आणि दारुड्यांची मनापासून हेटाळणी करायचा.

अंगाने तो बेताचाच होता. मनगटं मात्र जाड, आणि मान ताठ. ती मान कुणापुढे वाकलेली मी पाहिली नाही. एकदा औंढ्याच्या स्टँडवर एका पुढाऱ्याची गाडी आमच्या बससमोर आडवी लागली होती. पुढारी आत बसून फोनवर बोलत होते. लोक म्हणाले, हॉर्न वाजवा. गंगाधरने इंजिन बंद केलं, डबा काढला आणि शांतपणे भाकरी मोडायला लागला. पंधरा मिनिटांनी पुढारी स्वतः खाली उतरून आले. म्हणाले, "काय हो, ओळखलं नाही का आम्हाला?"

"ओळखलं की," गंगाधर म्हणाला, "म्हणून तर हॉर्न वाजवला न्हाई. तुमचं बोलणं होऊ द्या. माझं जेवण बी होऊ द्या."

पुढारी हसले, पण गाडी लगेच काढली. गंगाधरने मात्र जेवण पुरं केलं, हात धुतला, आणि मगच स्टार्टर मारला. मागे बसलेली एक म्हातारी त्याला शिव्या घालत होती. 

पोळ्याचा त्याचा थाट निराळाच होता. गावाकडे त्याच्या वाट्याला जमीन नव्हती म्हणायला हरकत नाही, जे काही होतं ते थोरला भाऊ कसायचा. बैलजोडीही भावाचीच. त्यामुळे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या कानाशी जाऊन 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' म्हणायचं, ते गंगाधर डेपोत बसच्या समोर उभा राहून म्हणायचा. दुसऱ्या दिवशी बसच्या पुढच्या काचेखाली बेगडाची पट्टी, दोन्ही बाजूंना झेंडूची माळ आणि बंपरला हळदकुंकू. नव्या साहेबांनी एकदा हटकलं, हा काय प्रकार आहे म्हणून. गंगाधर म्हणाला, "साहेब, हिच्या जिवावर माझ्या दोन पोरी शिकल्या. हिला आवतन द्यायचं न्हाई तर मंग कुणाला द्यायचं?" साहेबांनी पुढच्या वर्षी स्वतः झेंडू आणून दिला.

भावाविषयी सांगायला हवं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. शिरड शहापूरच्या अलीकडे एका फाट्यापासून आत त्यांचं गाव. गंगाधरपेक्षा बारा वर्षांनी मोठे, पांढरं धोतर, बोलणं कमी. आई लवकर गेली, वडील अबोल, त्यामुळे गंगाधरला अण्णांनीच वाढवलं. पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत न्यायचं ते खांद्यावर बसवून. ड्रायव्हिंगचं लायसन काढायलाही अण्णाच त्याला सोबत घेऊन गेले होते. परीक्षा चालू असताना बाहेर उन्हात चार तास उभे होते. हे गंगाधर मला दर दोन-तीन महिन्यांनी सांगायचा आणि दर वेळी उन्हाचे तास वाढायचे.

करीची बैठक अण्णांच्या शेतात. मी पाच-सहा वर्षं तिथे जात होतो, कारण मीही काही धुतल्या तांदळाचा नव्हतो. लिंबाखाली सतरंजी, पंधरा-वीस माणसं, सगळी भावकीतली आणि सोयरीकीतली. पहिला पेला अण्णांनी भरायचा, वयाच्या क्रमाने, आणि त्यांच्या हातचा पेला कुणी नाकारायचा नाही. नाकारला तर तो मान मोडला. पहिला पेला झाला की मग ज्याचा त्याचा. गंगाधरचे मी एकदा मोजायला गेलो आणि सातव्यानंतर माझंच भान सुटलं. लिंबाची सावली सरकली तरी भर उन्हात बसलेला, पाण्याचा घोट नाही, वर तिखट रस्सा. आणि तरी हा गडी डुलत नसे. चार वाजले की उठायचा आणि शेताच्या बांधावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून दाखवायचा. बांध वीतभर रुंद.

"बघा मास्तर, तोल," तो ओरडायचा. "ह्याला पिणं म्हणत न्हाईत."

आणि मग हमखास वडिलांची गोष्ट निघायची. त्यांचे वडील करीचं जेवून रात्री झोपले ते उठलेच नाहीत. पहाटे अंग गार. सण झालेला, पोट भरलेलं, कुणाला तकलीफ नाही, कुणाच्या हाताने पाणी पाजून घेतलं नाही. असं मरण यायला पुण्याई लागते, असं सगळा गाव म्हणायचा. बैठकीत कुणीतरी पेला वर करून म्हणायचं, "बापासारखं मरण येवो." बाकीचे मान डोलवायचे. मीही डोलवली आहे.

तर एका वर्षी कर झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची हिंगोली आमच्याकडे होती. गंगाधर न्हाऊन, इस्त्रीचे कपडे घालून आला. मशीनमध्ये फुंकलं. शून्य. वॉचमनला त्याचं नेहमीचं वाक्य ऐकवलं आणि गाडीवर चढला. चेहरा जरा उतरलेला दिसला. मी विचारलं तर म्हणाला, "झोप न्हाई झाली. छातीत कायतरी करून राहिलं. पित्त असंल."

शिरड शहापूर मागे टाकलं. गाडी भरलेली होती, सणाला माहेरी आलेल्या लेकी सासरी निघाल्या होत्या, मांडीवर लेकरं. औंढा पाच-सहा किलोमीटर असेल आणि गाडी हळू झाली. कडेला गेली, मुरमावर उतरली, थांबली. मी पुढे धावलो. त्याने इंजिन बंद केलं होतं, हँडब्रेक ओढलेला होता, गाडी गिअरमध्ये टाकलेली होती. कपाळावरून घामाच्या धारा. एक हात छातीवर.

"मास्तर," तो हळू बोलला, "आत कबूतर अडकल्यागत होऊन राहिलं. माणसं उतरवा."

माणसं कसली उतरतात. सगळी पुढे आली आणि दवाखाना सुरू झाला. एकाने सोडा काढला, एकीने ओवा दिला, कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं कालचं मटण जड झालं. सगळ्यांचं एकमत पित्तावर होतं. मागच्या सीटवर आरोग्य केंद्रातली एक सिस्टर होती. ती सगळ्यांना कोपराने ढकलत आली, त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिली. पूर्ण एक मिनिट. मग मला म्हणाली, "ठोके मोजताच येत नाहीत. दोन जवळ, एक लांब, मग चार एकदम. सोडा ठेवा बाजूला आणि अॅम्ब्युलन्सला फोन करा."

हिंगोलीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. छातीला तारा लावून पट्टी काढली. सलाइन लावलं, औषधं दिली. थोडा वेळ बघून त्यांनी केसपेपर हातात घेतला आणि विचारलं, "दारू किती घेता?"

"घेत न्हाई," गंगाधर म्हणाला. पडल्या पडल्या सुद्धा मान ताठ.

बाईंनी पेपरवर लिहिलं. मग पेन थांबवलं. "काल काय होतं?"

"कर."

"करीला किती घेतली?"

गंगाधर माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघितलं. मग त्याने सांगितलं, पेल्यांच्या भाषेत, आणि बाईंनी ते सगळं लिहून घेतलं. त्या आमच्याच भागातल्या होत्या, परभणीकडच्या. म्हणाल्या, "मला कर सांगू नका, माझ्या घरीही होती. करीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे असे पेशंट येतातच. हे पित्त नाही. तुमच्या हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आवळायच्या ऐवजी नुसते थरथरताहेत. असं फार वेळ चाललं तर आत रक्त साकळतं, त्याची गुठळी होते. ती मेंदूत गेली की लकवा. नशीब, लवकर आलात."

"पण मी रोजचा न्हाई, बाई."

"रोजच्यालाच होतं असं नाही. एरवी न घेणारा माणूस एका बैठकीत भरपूर घेतो, उन्हात बसतो, पाणी पीत नाही, रात्री झोप लागत नाही. त्यालाही होतं."

"म्हंजे रोज थोडी थोडी घेतली असती तर झालं नसतं, असं म्हणून राहिल्या का तुमी?"

"असं मी अजिबात म्हटलेलं नाही. शब्द फिरवू नका."

"मी अख्खा श्रावण पाळतो. आतलं सगळं धुऊन निघतं."

"श्रावण पाळलात, चांगलं केलंत. पण महिनाभर नाही घेतली म्हणून एका दिवसात महिन्याची घ्यायची सवलत मिळत नाही. हृदयाला काल किती गेली तेवढंच समजतं."

असा वाद त्यांचा तासभर चालला. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. पडद्यावर ती रेघ वेडीवाकडी पळत होती आणि हा माणूस मुद्दे मांडत होता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला रेघ ताळ्यावर आली, ठोके सारख्या अंतराने पडू लागले. बाईंनी सांगितलं, या वेळी थांबलं, पुढच्या वेळी थांबेलच असं नाही.  गंगाधर वाद घालायचा थांबला तो तेव्हा.

घरी आल्यावर आम्ही चार मित्र त्याच्याकडे बसलो. आम्ही सगळे शहाणे. मी सर्वांत शहाणा. मी म्हणालो, "गंगाधरराव, रजेच्या अर्जात पित्त लिहा. हृदय लिहिलंत तर स्टेअरिंग जाईल. रिटायरमेंटला सहा वर्षं राहिली, कशाला उगाच?" बाकीच्यांनी माझी री ओढली. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्याही म्हणाल्या, "पित्तच असंल."

गंगाधरने कप खाली ठेवला. "मास्तर, मशीननं त्या दिशी शून्य दाखवलं का न्हाई?"

"दाखवलं."

"आन मागं माणसं किती व्हती?"

"पन्नासच्या वर."

"मंग मशीन मला सोडून देती, तुमी मला सोडून देता, आन उद्या मी स्टेअरिंगवर आडवा झालो, तर ती पन्नास जणं पित्तानं मेली असं लिहिणार का तुमी?"

 

त्याने अर्ज लिहिला तो मी वाचला. 'औंढ्याच्या अलीकडे छातीत फडफड झाली म्हणून गाडी बाजूला घेतली. कारण, आदल्या दिवशी कर होती आणि मी भरपूर घेतली होती. मला गाडी द्यावी का, हे तपासून ठरवावं.' खाली सही, आणि सहीखाली दोन रेघा.

तपासण्या सुरू झाल्या आणि त्याला स्टेअरिंगवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत, माइकवर बसवलं. ज्याला गाडी चालवता येते त्याला गाड्यांची नावं घेत बसायला लावायचं, याच्यासारखी शिक्षा नाही. डेपोत त्याची टर उडवायला लोकांना विषय मिळाला. येता-जाता विचारायचे, "काय गंगाधरराव, कर मानवली का?" तो माइक चालू असतानाच उत्तर द्यायचा, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं. "व्हय, मानवली न्हाई. तुमची बी तपासून घ्या. कुरुंदा गाडी फलाट तीन." आठ दिवसांत विचारणारे बंद झाले. त्या खिडकीत तो सहा महिने बसला. रुबाबात बसला. एखादी गाडी उशिरा असली तर सांगायचा, "बाळापूर गाडीला उशीर हाय. काहून हाय ते मलाबी ठावं न्हाई, उगा खिडकीवर गर्दी करू नका."

धुळवडीला त्याने घेतली नाही, कंदुरीलाही नाही. ठोके परत बिघडले नाहीत. दोन-तीनदा पट्ट्या काढल्या, हिंगोलीला नांदेडला खेटे झाले, आणि मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलं तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला गाडी परत मिळाली.  पहिल्या दिवशी शिरडपर्यंत शीळ घालत होता. त्याला शीळ घालता येते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

मग पुढची कर आली.

वहिनी म्हणाल्या, जाऊच नका. मीही म्हणालो, ड्युटी आहे म्हणून सांगा. गंगाधर म्हणाला, "खोटं काहून बोलू? भावाकडं जेवायला जायचं सोडू का मी?" आम्ही दोघं गेलो. लिंबाखाली तीच माणसं. अण्णा वयाच्या क्रमाने पेले ठेवत, भरत पुढे सरकत होते. गंगाधरसमोर पेला ठेवला आणि बाटली तिरपी केली, तेवढ्यात गंगाधरने तो पेला उचलून उपडा घातला.

बाटली तशीच थांबली. 

"सरळ कर," अण्णा म्हणाले.

"न्हाई, अण्णा."

"माझ्या हातचा एक. एकानं काय होतंय?"

"एकावर थांबतं का हितं कुणी? थांबत असंल त्यानं हात वर करावा."

कुणी हात वर केला नाही.

"मंग आलास काहून? घरी बसायचं."

"जेवायला आलो. भावाकडं आलो. पेला न्हाई म्हणून भाऊ बी न्हाई का?"

अण्णांचा चेहरा काळवंडला. "इतकी वर्सं मी तुला इख पाजलं, असं म्हणून राहिला का तू चार माणसांत?"

"तुमी भरत व्हता, मी पीत व्हतो. दोघांला बी ठावं नव्हतं." गंगाधरचा आवाज चढला नव्हता, पण तो थांबणारही नव्हता. "आन आता निघालंच हाय तर बोलतो. बाप बी करीच्या दुसऱ्या पहाटंच गेला. पंचावन्न वर्साचा. धडधाकट. आपण गावभर सांगत फिरलो, काय मरण आलं म्हणून. मरायचं वय व्हतं का ते?"

"बापाचं नाव घेऊ नको."

"घेणार. कशानं गेला ते मला खातरीनं ठावं न्हाई. कुणालाच न्हाई. कारण आपण कुणाला इचारलंच न्हाई. पेले वर करून मोकळे झालो."

"ऊठ इथून," अण्णा म्हणाले.

"जेवण झालं की उठतो."

आणि तो जेवला. मी आयुष्यात इतकं अवघड जेवण पाहिलं नाही. बाकी सगळ्यांचे हात थांबलेले आणि हा एकटा भाकरी कुस्करतोय. त्याने रस्सा मागितला, कुणी वाढायला उठलं नाही. स्वतः उठला, पातेल्यापाशी गेला, वाढून घेतला, परत येऊन जागेवर बसला आणि ताट स्वच्छ केलं. मग हात धुतले, अण्णांच्या पाया पडला आणि निघाला. अण्णांनी पाय मागे घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही. माझ्या हातात त्या वेळी भरलेला पेला होता. तो मी ओतला असं सांगायला आवडलं असतं. ओतला नाही, घाईघाईने पिऊन टाकला आणि त्याच्या मागे धावलो.

 फाट्यावर गाडीची वाट बघताना तो रडला. म्हणाला, "मी बराबर बोललो, मास्तर. पण अण्णाला बोललो."

त्यानंतर वर्षभर अण्णांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. गाडी रोज त्या फाट्यावरून जायची. कधी अण्णा फाट्यावर उभे दिसले तर आमची गाडी सोडून मागच्या गाडीने जायचे. गंगाधर दर वेळी गाडी थांबवायचा, दार उघडायला लावायचा, अर्धा मिनिट थांबायचा. अण्णा दुसरीकडे बघायचे. मी बेल द्यायचो. प्रवासी कटकट करायचे, पण गंगाधरने थांबायचं सोडलं नाही. पोळा आला. करीला या असा निरोप यायचा तो आला नाही. गंगाधर साहेबांकडे गेला आणि करीच्या दिवसाची ड्युटी मागून घेतली. त्या दिवशी रजेसाठी ड्रायव्हर लोकांची भांडणं व्हायची, साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. त्याच्या मागोमाग मीही माझं नाव दिलं. त्या वर्षी मी घेतली नाही, एवढंच स्वतःबद्दल सांगतो.

करीनंतर दोनच आठवड्यांत माझी बदली कळमनुरीकडे झाली, आणि पुढे गाठ अशी पडली नाही. म्हणून गंगाधर आठवला की मला तो करीचा दिवस आठवतो.

सकाळची गाडी होती. आत सात-आठ माणसं. शिवारात धूर निघायला लागले होते. फाट्यावर अण्णा एकटेच उभे होते, धुतलेलं धोतर, हातात कापडी पिशवी. गंगाधरने नेहमीसारखी गाडी थांबवली. मी दार उघडलं. अण्णा चढले. अंगात जोर कमी वाटला, दांड्याला धरून क्षणभर थांबले, मग ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले.

"कुठं, अण्णा?" मी विचारलं.

"हिंगोली."

तिकीट दिलं. गाडी निघाली. शिरड मागे पडलं. आरशात गंगाधरचे डोळे दर थोड्या वेळाने मागे जात होते. शेवटी त्यानेच विचारलं, "करीच्या दिशी हिंगोलीला काय काढलं?"

"दवाखाना."

"कुणाला काय झालं?"

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "मला बी फडफडतंय. तीन वर्सं झाली. आधी करीच्या दुसऱ्या दिशीच व्हायचं, आता मधीच कवाबी व्हतंय. रात्रीपासून थांबलं न्हाई."

गाडी कडेला गेली आणि थांबली. गंगाधर सीटवरून मागे वळला. "तीन वर्सं? म्हंजे मी पेला उपडा केला तवा बी व्हतं? मंग तवा काहून न्हाई बोललात?"

"पंधरा-वीस माणसांत तू माझी लाज घेतलीस. वर्सभर मी गावात मान खाली घालून फिरलो." अण्णांनी पिशवी मांडीवर नीट ठेवली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. "आता लाजच न्हाई ऱ्हायली, तर भ्यायचं कुणाला? घे गाडी. आन डॉक्टरबाईला बापाचं बी सांग. मला न्हाई सांगता यायचं."

गंगाधर वळला. डोळे पुसायला त्याने हात उचलला नाही, दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. मी बेल दिली, आणि त्याने गाडी काढली.